एकाच पानावर चाळीस मिनिटं

प्रिय धाकट्या,

खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा थेट भांडणालाच सुरुवात करते. तुमच्या कंपनीची ती पडद्यावरची पुस्तकं आमच्या शाळेत आली, तेव्हा माझ्या भावाने केलीत म्हणून शिक्षकांच्या खोलीत मीच मिरवले होते. आता बस म्हणावं मिरवत!

खोटं कशाला बोलू, पुस्तकं चांगली आहेत. अक्षर मोठं करता येतं, म्हणून मागच्या बाकावरचा आमचा चष्मेवाला पहिल्यांदाच सलग धडा वाचू लागला. पण कोण किती वाचतं हे मोजायचा उपद्व्याप कुणी सांगितला होता तुम्हाला?

वर्गात एक मुलगी आहे. सगळं सावकाश करते, म्हणून पोरं तिला गोगलगाय म्हणतात. तिने नदीच्या धड्यातलं एकच पान चाळीस मिनिटं उघडं ठेवलं. यंत्र म्हणालं, वाचन शून्य. तीनदा असं झालं आणि शाळेने तिला सोमवारपासून कच्च्या तुकडीत टाकायचं ठरवलं. अरे, तिथे गेलेलं पोर पुन्हा वर येत नाही, वीस वर्षं बघतेय मी! तिला जवळ बसवून विचारलं, तर पोरीने अख्खं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. धड्यातला नावाडी परत येतच नाही, म्हणून हिने वहीत सहा पानं लिहून त्याला घरी आणलंय! आपली आईसुद्धा एक पान वाचून पुस्तक छातीवर ठेवायची आणि तासभर छताकडे बघत बसायची. तिलाही नापास केलं असतंत तुम्ही.

तरातरा मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, यंत्राचं काय तिच्याशी वैर आहे? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मग त्यांनी अहवाल उघडून दाखवला.

खाली वर्गशिक्षिकेची संमती होती. माझीच. अडतीस मुलांचे अहवाल एकदम आले होते. मी सर्रकन बोट फिरवत शेवटी गेले आणि 'मान्य' दाबून मोकळी झाले. अकरा सेकंदांत. तेही तुमच्या यंत्राने टिपलंय. लाज वाटते रे. पोरीची माफी मागितली, चूक लेखी कबूल केली, पण बाई म्हणतात, शिक्षिकेचं मन विरघळतं, आकडे खोटं बोलत नाहीत. म्हणून तुला लिहितेय. यंत्र उलटलेली पानं मोजतं, वाचलेली नाही, एवढं एक वाक्य तुझ्या सहीने शनिवारच्या आत पाठव. माझ्या शब्दाला इथे आता किंमत उरलेली नाही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई