पाचव्या मजल्यावरची पश्चिमेची खोली

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी की, तुमच्या ऑफिसचा तो काँक्रीटचा ‘पेटारा’ पाडत नाहीत. तो पाडा म्हणून तू घरोघर सह्या गोळा केल्या होत्यास, त्या वाया गेल्या! आत आता राहती घरं होणार.

नवे आर्किटेक्ट आले, पण त्यांच्या नकाशात पाण्याचे पाइप भलतीकडेच. मी सव्वीस वर्षं या इमारतीची देखभाल करतोय. शिकलो नववीपर्यंतच, पण माझ्या वहीतला नकाशा इंचभर चुकत नाही. साहेब दोनदा वही मागायला आले. दुसऱ्यांदा नीट मागितली, तेव्हा दिली.

तू टाइप करायचीस ती खोली आता घर होतेय. माझ्या तळमजल्यावरच्या खोलीपासून लिफ्टने चाळीस सेकंद. जुन्या कर्मचाऱ्यांना पहिला हक्क, महिनाअखेरपर्यंत. तुझं नाव देऊन टाकलंय.

लोभ असावा, रागही चालेल.
तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

न विचारता नाव देतोस, मी काय कपाट आहे? त्या खोलीला एकवीस वर्षं शिव्या घातल्या, आता तिथेच अंथरूण घालू? दुपारी पश्चिमेच्या काचांतून असं ऊन यायचं की आम्ही सगळ्याजणी उकडून निघायचो. अजून तसंच येतं का, खरं सांग. माझं इथे एकटीचं छान चाललंय. वहीला आणि तुझ्या नाकाला जप. दोन्ही फार वर गेलीत.

माया आहेच, मागायला नको.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन दुपारी थर्मामीटर घेऊन तिथे बसलो. दुहेरी काच बसवूनही पूर्वेच्या खोलीपेक्षा दोन अंश जास्तच. मोजलं ते लिहिलं. नको असेल तर नाव काढतो.

पण हिवाळ्यात तू न्हाणीघरात पडलीस, ते मला महिन्याने तुझ्या शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून तुझं पत्र लांबलं की कामात लक्ष लागत नाही. परवा चुकीचा व्हॉल्व्ह बंद केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चार मजले कोरडे.

उत्तर लवकर दे, एवढंच मागणं.
धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चुकीचा व्हॉल्व्ह! आधी पोट धरून हसले. मग हसू येईना.

त्या दिवशी मला फरशीवरून उठायला पाऊण तास लागला. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाव राहू दे.

तुझीच,
ताई