पाच वाजताचं गाणं

पनवेल, आश्विन शुद्ध त्रयोदशी, १९९१

मासिकातलं ते जपानी गाव पाठ सोडत नाही. डोंगरातलं, छोटंसं. मुलांनी घरी यावं म्हणून रोज पाच वाजता कर्ण्यावर गाणं लागतं. गावात मूल एकही उरलेलं नाही, तरी लागतं. वाचताना हसलो होतो. उद्या गव्हाण गावातल्या व्याख्यानात विनोद म्हणून सांगणार होतो!

व्याख्यानाचं ठरवायला संध्याकाळी तिथे गेलो, तर तिथला शेतकरी धर्मादादा खारबांधावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवत होता. बांधाला मूठभर भोक. खाडीचं खारं पाणी आत शिरत होतं आणि आत कापणीला आलेलं भात. डबा वाजला की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावतो, ही तिथली रीत. आज धर्मादादा धरून सहाच. सगळे साठीपुढचे.

"पोरं कुठं आहेत?" मी विचारलं.

"गेली मुंबयला, दुबयला," धर्मादादा म्हणाला. "'चिखल सोडा, शिका' तुमीच बोल्लाव ना मास्तर, देवलासमोर? टाल्या तं मी पन वाजवल्या!"

म्हातारे हसले. मला हसू येईना. माझं चुकलं का? नाही, शिकायलाच हवं. पण मग बांध कोणी धरायचा, हे मी एकाही भाषणात बोललो नाही.

भोक कसंबसं बुजवलं. धर्मादादा म्हणाला, "कोजागिरीचा उधान नाय सोसाचा ह्यो बांध."

कोजागिरी परवा. कानात अजून तो डबा, आणि ते पाच वाजताचं गाणं.

व्याख्यान रद्द. उद्या फावडं घेऊन जाणार. परवा डबा वाजेल तेव्हा आम्ही सात असू. सातवा मी, वय त्रेसष्ट.