उघाडीवरचा दोर

मु. नवखार, घणसोलीजवळ
ता. २ फेब्रुवारी १९५८

चि. चांगदेवास मैनाबायचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल हाव असं लिहायची रीत, पण खुशाल नाय. मला लिहिता येत नाही म्हणून हे पत्र आपला धाकटा धर्माच लिहितोय. मुद्दाम त्यालाच बसवला. स्वतःचे प्रताप स्वतःच्या हाताने लिहू देत.

वामन मास्तरांनी त्याला साऱ्या वर्गापुढं बाकावर उभा केला. तर हा तिथूनच ओरडला, की अवसेच्या उधाणाला बांधाच्या उघाडीतली पाणी अडवणारी फळकुटं काढतो, खाडी आत घेतो, तुमाला शाळेसकट बुडवतो. मास्तर साताऱ्याकडचे. पोर चिडलं म्हणाले, दोन छड्या दिल्या नि विसरले. पण पोरांनी ते घरोघर नेलं आणि गाव उठला. शाळा कमिटीचे गोटीराम पाटील म्हणतात, सुरा दाखवला असता तर ते त्याचं नि मास्तरचं होतं; बांध अख्ख्या गावाचा. मास्तरांनी बोर्डाचा नियम वाचून दाखवला, की पहिल्या वेळेला ताकीद पुरे. कमिटी ऐकेना. नाव काढून दाखल्यावर शेरा मारणार. मग त्याला कुठली शाळा घेईल? सातवीची परीक्षा तोंडावर आलीय.

एकच वाट ठेवलीय, जुनी. बांधाला वाईट बोलणाऱ्याने त्या उधाणाला उघाडीवर उभं राहायचं, आणि घरच्या मोठ्या पुरुषाने त्याच्याशी कमरेला दोर बांधून. आय-बाबा गेल्यावर थोरली बहीण मी, पण पुरुष तूच. अवस अठरा तारखेला. दुपारच्या भरतीआधी ये.

माया पातळ करू नको.
तुझी बाय, मैना


उरण, ता. ८ फेब्रुवारी

ति. बायस चांगदेवचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. धर्माचं अक्षर झकास झालंय. माझं बघ, चिखलात खेकडा चालल्यासारखं. त्याला विचार, मास्तरला बुडवल्यावर असं अक्षर कोण शिकवणार होता?

मी येतो म्हणजे येतोच. मिठाचं गोदाम सोडलं. मुकादम सारखा घड्याळ बघायचा, मला त्या घड्याळाचाच वैताग आला. आता जाफरच्या मचव्यावर आहे. जाफर म्हणजे तोच, करंज्याचा, गेल्या शिमग्याला तू बोंबील वाढून वाढून बेजार केलेलास तो. त्याचा मचवा कौलं भरून आपल्याच खाडीत यायचाय, मी थेट बांधावर उतरतो. मध्ये फक्त रेवसला थांबायचं. तिथे तंबूतला सिनेमा आलाय म्हणतात, पण मी काय तो बघणार नाही. बघितलाच तर एक खेळ.

पाटलांना सांग चांगदेव येतोय. त्याच उघाडीवरून मी उड्या मारायचो नि ते काठी घेऊन धावायचे. आणि मास्तरांना सांग, खाडीची भीती वाटत असेल तर मी पोहायला शिकवीन. हल्ली एका जागी बसलो की पाय शिवशिवतात बाय, काय करू?

लोभ आहे तसाच जपून ठेव.
तुझा चांगू


रेवस, ता. १८ फेब्रुवारी, दुपार

बायस नमस्कार.

रागावू नको, आधी वाच. काल निघायचं होतं. जाफरने दोनदा हाक मारली, मी तंबूत होतो. वाटलं, दुसरं काहीतरी मिळेल. मिळालं नाही. आता धक्क्यावर बसलोय, टपालवाल्याचं पेन घेऊन. पाणी चढतंय. इथल्या पायऱ्या एकेक करून जातायत. तिथे फळकुटांना लागलं असेल. धर्माबरोबर कोण आहे? उत्तर इथेच पाठव, मी हलत नाही. संध्याकाळी अलिबागला एक गाडी जाते खरी. नाही, इथेच पाठव.

चांगदेव


नवखार, ता. २२ फेब्रुवारी

चि. चांगूस आशीर्वाद.

तू हललास की नाही ते तुलाच ठाऊक, तरी लिहवून घेते. अवसेला जाफरचा मचवा दिसला तशी मी बांधावरून धावत गेले. त्यातून कौलं उतरली. जाफर बिचारा मान वर करीना.

मग मीच दोर कमरेला घेतला. पाटील म्हणाले, बाईमाणूस चालत नाही. तेवढ्यात वामन मास्तर धोतर खोचून आले नि दोराचं टोक मागू लागले. पाटील म्हणाले, तुम्ही घरचे नाही. मास्तर म्हणाले, बुडवणार होता तो मलाच, मग याला माझ्याहून जवळचा कोण? तसा पाटलांनी माझ्याकडून दोर घेऊन त्यांच्या कमरेला बांधला. पाणी वरच्या फळकुटाला लागलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतलेले. पाटलांनी विचारलं, पोहता येतं ना? मास्तरांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तसे पाटील स्वतः खाली उतरले नि ओहोटी लागेपर्यंत त्यांचा दंड धरून राहिले. धर्माचं नाव हजेरीत राहिलं.

तुझ्यावर रागावले नाही. दोर धुऊन वाळत घातलाय. जेवायला वाट बघायची तेवढी सोडली. आलास तर पान वाढीन.

आशीर्वाद आहेतच.
मैना

दादा, हे बायने सांगितलेलं नाही. मास्तरांचा हात थंडगार पडला होता, तो मी सोडला नाही. तू त्यांना पोहायला शिकवणार असं मी सगळ्या वर्गाला सांगून बसलो होतो. परीक्षा झाली की मीच शिकवतो.
धर्मा