शेवंतीवहिनींची गच्ची

बोरिवली, २७ जानेवारी २०२५

चि. गार्गी हिस बाळकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू तिकडे चंद्रपुराकडे कोळसा जाळून वीज करतेस आणि इकडे तुझा काका सोसायटीच्या गच्चीवर ऊन पकडायला निघालाय. रागावू नकोस गं. अंधेरीला कारखान्यात एकतीस वर्षं वायरी ओढल्या, बाकीचं वाचनालयात बसून शिकलो. एवढं कळलं की दारात गाय बांधून आपण दूध विकत आणतोय. सोलर बसलं की दिवसा लिफ्ट आणि पंप उन्हावर चालतील.

अडलंय ते शेवंतीवहिनींपाशी. त्या आणि त्यांच्या चार बायका गच्चीवर उडदाचे पापड वाळवतात, पाच घरं त्यावर चालतात. पॅनेल आली की जागा गेली. मी तळमजल्यावरची खोली आणि वर पंखा देऊ केला, तर जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, आधी तुम्हालाच दोरीवर वाळत घालते. ९ तारखेला सभा आहे. निम्मी बिल्डिंग त्यांच्या शब्दावर हात वर करते. तू इंजिनियर, त्यांना पटतील अशा चार ओळी लिहून पाठव.

तुझ्यावर जीव आहेच, पत्राची वाट बघतोय.
बाळकाका

ऊर्जानगर, १ फेब्रुवारी २०२५

ती. बाळकाकांस गार्गीचा शि. सा. नमस्कार.

रागावते कशाला? हल्ली दुपारी सोलरची वीज आली की आम्हाला भट्टी मंद करायला सांगतात आणि संध्याकाळी सातला पुन्हा आमच्याच दारात येतात. आषाढात ऊन रुसलं की घाटावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात. ऊन आणि वारा या दोघी जावा, एक माहेरी गेली की दुसरी चूल बघते. आम्ही कोळसेवाले म्हणजे म्हातारी आत्या. देशाची चूल अजून आत्याच्याच जिवावर आहे, पण जावांचा हात चांगला बसतोय, हे आत्यालाही दिसतं.

चार ओळी मात्र पाठवणार नाही. पापड कसा वाळतो हे वहिनींना कधी विचारलंत? की नुसतेच खाल्लेत? एकदा वर जाऊन बसा ना, काका.

माया आहे तशीच राहू द्या.
गार्गी

बोरिवली, २० एप्रिल २०२५

चि. गार्गी हिस उत्तम आशीर्वाद.

गेलो, बसलो आणि कान धरले. तीस वर्षं त्यांचे पापड खातोय, पण उडदाचा पापड कडक उन्हात वाकडा होतो, तडकतो, हे ठाऊक नव्हतं! त्याला हवी सावली आणि खेळता वारा, ऊन शेवटी घटकाभर. म्हणून वहिनी वर जुन्या साड्या बांधायच्या, आणि गोराईच्या खाडीवरचा वारा त्या उडवून न्यायचा. अशा बाईला मी बंद खोली आणि पंखा देत होतो!

मग पॅनेल आठ फूट उंच घ्यायची ठरवली. वर ऊन पॅनेलला, खाली सावली आणि वारा पापडांना. पूर्वेची पट्टी त्या घटकाभर उन्हासाठी मोकळी. वहिनींनी खालची जागा पावलांनी मोजली, तिथे कोणी कपडे वाळत घालायचे नाहीत असं कबूल करून घेतलं, आणि सभेत ठराव स्वतःच मांडला. मला नुसतं अनुमोदन उरलं. काल दुपारी लिफ्ट उन्हावर चढली. वहिनी चारदा वर-खाली करून आल्या.

सोबत त्या सावलीतले पहिले पापड पाठवतोय. तळू नकोस, निखाऱ्यावर भाज. तेवढ्यापुरता तुमच्या कोळशाला मान आहे, असा वहिनींचा निरोप आहे.

ऊन रोज येतं तशी तुझी आठवण येते. तूही ये.
बाळकाका