केळीखालचा ओलावा

मंगळवार, मे महिना, दिवेलागण

न्हाणीचं सांडपाणी चर खणून केळीच्या आळ्यात सोडायची अक्कल माझीच. सगळं गाव करपलंय, आमचं परस तेवढं ओलं. त्या चिखलात लोळायला रानडुकरं यायची. मी चिडून डबे बडवायची. या आठवड्यात ती आलीच नाहीत, तर मी खूश! खटकलं ते सासूबाईंना. "डुकरं येऊन नाई राह्यले काऊन वो?"

आज दुपारी कळलं. आळ्यातला चिखल दबून गुळगुळीत झालाय, कडेला पंजा उमटलाय. माझा तळवा त्यात मावला. अख्खा.

वनरक्षक भाऊ फोनवर म्हणाले, "बाई, पाणी बंद करा. चिखल सुकला का वाघ जाते." लगेच चर बुजवला. सासूबाईंना सांगितलं नाही, उगाच घाबरतील म्हणून.

आता मागच्या दाराला कडी घातलीय. भाऊ निघालेत म्हणे. तोवर लिहितेय.

मघाशी सासूबाई रिकामी बादली घेऊन आत आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पाय चिखलाने भरलेले.

"चर बुजला होता, म्हून भांड्याचं पाणी मीच टाकून आली. केळीखाली कोणाचं वासरू बसून हाये वो? हाकललं तरी उठलं नाई."