करवतीची केस

प्रिय काका,

परवा तुमचा फोन आला तेव्हा "क्लासमध्ये आहे, नंतर करते" म्हणाले, ते खरं होतं. पण क्लासमध्ये तुमचीच केस चालली होती.

इथे दहा दिवसांचा कोर्स आहे, कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र. सरांनी शेजाऱ्यांच्या भांडणाचं खरं उदाहरण मागितलं. मला हुशारी दाखवायची भारी हौस! तुमच्या वर्कशॉपच्या आवाजाबद्दल शेजारच्या डॉक्टरांनी पाठवलेली नोटीस आणि तुम्ही लिहिलेलं कच्चं उत्तर, दोन्हीचे फोटो तुम्ही मला सल्ल्यासाठी पाठवले होते. मी ते पडद्यावर लावले. नाव तेवढं खोडलं. "डॉक्टरसाहेब, माझी करवत तुमच्या आधी वीस वर्षं इथे आहे. तिला आता कुजबुजायला शिकवू का?" यावर अख्खा वर्ग हसला. मीपण हसले, काका.

मग सरांनी दोघांच्या नुकसानीचा हिशोब मांडायला लावला आणि विचारलं, "सुतारानं तिथून हलावं असं कोणाला वाटतं?" सगळ्यांचं गणित जुळलं, कमी नुकसान त्यातच होतं. सगळे हात वर गेले. माझाही.

सर म्हणाले, "छान केस आणलीस." मी थँक्यू म्हणाले.

उत्तराची मुदत परवा संपतेय. हे पत्र पाठवत नाही, कोर्स सोडून उद्या मीच येते. तुमच्या कागदाची शेवटची ओळ मी वर्गाला दाखवली नाही, फोटोतून कापून टाकली होती:

"बाकीचं माझी पुतणी बोलेल. ती कायदा शिकते."

अजूनही म्हणाल तर,
तुमची वकीलबाई