ताप कुणी आणला

प्रिय वहिनी,

दादाचा ऑक्सिजन निघाला, काल तो घरी आला. आधी एवढं वाचा आणि निवांत व्हा.

आता माझं. घरात फ्लू मी आणला. एमएस्सीचं प्रॅक्टिकल बुडेल म्हणून दोन दिवस ताप लपवला होता. दादा आयसीयूत गेला तेव्हा आई तुम्हाला म्हणाली, "नवी सून आली अन् दुखणं घेऊन आली." तुम्ही विश्रांतवाडीला माहेरी निघून गेलात. मी, घरातली पहिली पदवीधर, गप्प राहिले.

काल आईला सगळं सांगितलं. विषाणू एकच, पण त्याला ओळखणारे आपल्या रोगप्रतिकारक पेशींवरचे रिसेप्टर प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात. कुणाच्या पेशी वेळेवर थांबतात, कुणाच्या इतक्या चवताळतात की फुप्फुसालाच इजा होते. दादाचं तसंच झालं असावं. त्यात पायगुण कुणाचाच नाही.

आई म्हणाली, "एवढं कळतंया, तर पंधरा दिवस गप का बसलीस?"

तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

हे पत्र आता टाकत नाही. आई चपला घालून दारात उभी आहे, तुम्हाला न्यायला आम्ही दोघी निघालोय. माफी समोरच मागते.

तुमची नणंद,
तनुजा